दिवसाचा बारावा हिस्सा

(गागोदे बुद्रुक येथे झालेल्या गटांच्या एकत्रित बैठकीत एका गटाच्या हिशेबनीस ताईंनी केलेलं हे भाषण. ज्यांना त्या दिवशी येता आलं नाही, त्यांच्यासाठी ते जसं झालं तसं देत आहोत.)



मला विषय दिलाय, ‘घरी बसून काम करताना लक्ष कसं टिकवायचं’. विषय देणाऱ्या ताईंना मी म्हटलं, अहो, हे मला कशाला विचारता, माझंच लक्ष कधी टिकत नाही. त्या म्हणाल्या, म्हणूनच तुम्ही बोला.

तर परवा दुपारी मी हे भाषण लिहायला बसले. बारा वाजता वही उघडली आणि ‘नमस्कार’ असं लिहिलं. तेवढ्यात सासूबाईंची हाक आली, चष्मा सापडत नाही. तो त्यांच्या डोक्यावरच होता. परत येऊन बसते तर सिलिंडरवाला दारात. तो गेला तर शेजारची ताई विरजण मागायला आली, आणि विरजणाच्या वाटीबरोबर अर्धा तास गप्पा झाल्या. मग फोन वाजला. मग गटाच्या ग्रुपवर कोणीतरी लग्नाचे फोटो टाकले, ते बघितले. मग दूध ऊतू गेलं. चार वाजता वहीकडे पाहिलं तर त्यात एकच शब्द होता, नमस्कार!

हसताय, कारण तुमच्याही वह्यांची गत हीच आहे. पण आज मला हे हसण्यावारी न्यायचं नाही. कारण याच लक्ष मोडण्यापायी माझ्या हातून एकदा एका बाईवर अन्याय झालाय. ते मी सांगणार आहे. त्याआधी थोडं आपल्या कामाबद्दल.

‘घरीच तर असते!’

आपल्यातल्या किती जणी घरातून काम करतात ते बघा. कोणी पोह्याचे पापड आणि मिरगुंड करते, कोणी शिलाई मशीन चालवते. पेणच्या बाजूच्या कितीतरी जणी गणपतीच्या मूर्ती रंगवतात. कोणी गटाची लेखी कामं करते, कोणी पशुसखी आहे, तिला संध्याकाळी नोंदी भरायच्या असतात. कोणाला मोबाइलवर माहिती भरायची असते. हे सगळं काम घरात होतं. आणि म्हणूनच ते कोणाला काम वाटत नाही. पाहुणा आला की घरचे म्हणतात, “बसा ना, ती काय, घरीच तर असते.”

आता मूर्तीच्या कारखान्यात काय होतं ते आठवा. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी चालू असली की तो कारागीर हाकेला ओ देत नाही. आणि गंमत म्हणजे त्याला कोणी हाक मारतही नाही. पोरंसुद्धा दारातून मागे फिरतात. का? कारण सगळ्यांना ठाऊक आहे की एक रेघ चुकली तर आख्खी मूर्ती वाया. महिन्याभराची मेहनत त्या एका रेघेवर असते.

मग आपली बाई हिशेब लिहायला बसते किंवा गिऱ्हाइकाच्या ब्लाउजचा गळा कापायला कात्री उचलते, तेव्हा तिला कोणीही हाक मारतो. तिची रेघ चुकत नाही का? तिचं कापड वाया जात नाही का? जातं. पण ते कोणाला दिसत नाही. ती गुपचूप स्वतःच्या पैशाने दुसरं कापड आणते, रात्री जागून शिवते, आणि झालेलं नुकसान स्वतःच्या झोपेत मांडते.

पंधराशे रुपयांची गोष्ट

चार-पाच वर्षं झाली या गोष्टीला. मी आमच्या गटाची हिशेबनीस. नियम असा की नोंदी बैठकीतच पुऱ्या करायच्या, सगळ्यांसमोर वाचून दाखवायच्या. पण त्या दिवशी वीज गेली, अंधार पडायला लागला, सगळ्यांना स्वयंपाकाची घाई. मी म्हटलं, कागदावर नावं आणि रकमा लिहून घेतल्यात, घरी जाऊन वहीत उतरवते. पहिली चूक तिथेच झाली.

घरी कंदील लावून ओटीवर बसले. एका ताईने पंधराशेचा हप्ता भरला होता. तिच्या नावासमोर रक्कम लिहिणार, एवढ्यात कुकरची शिट्टी झाली. उठले. परत येते तर धाकटा म्हणाला, आई, भूक. त्याला वाढलं. मग दारात कोणीतरी आलं. पुन्हा बसले तेव्हा नजर एक ओळ खाली गेली, आणि ते पंधराशे रुपये मी खालच्या बाईच्या नावावर लिहिले. त्या खालच्या बाईने त्या महिन्यात हप्ता भरलाच नव्हता. बेरीज बरोबर जुळली. रोख रक्कम बरोबर जुळली. मी निश्चिंत झोपले. दुसऱ्या दिवशी पासबुकंही त्याच वहीवरून भरली.

पुढच्या बैठकीला त्या पहिल्या ताईने अंतर्गत कर्ज मागितलं. लेकीला कॉलेजात घालायचं होतं, फी भरायची होती. थकीत हप्ता असेल तर नवं कर्ज नाही, हा आमचा ठराव. मी वही उघडली आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं, “ताई, तुमचा मागचा हप्ता थकीत आहे.”

ती म्हणाली, “मी दिलाय.” मी म्हटलं, “वहीत नाही.” तिने पासबुक काढलं, त्यातही नाही. कोणी काही बोललं नाही, पण सगळ्यांनी एकमेकींकडे बघितलं. ते बघणं तुम्हाला ठाऊक आहे. ती खाली मान घालून बसली आणि बैठक संपायच्या आधीच उठून गेली. लेकीच्या फीसाठी तिने कानातलं गहाण टाकलं, हे मला नंतर कळलं.

ती खालच्या ओळीतली बाई त्या दिवशी माहेरी गेली होती. त्याच्या पुढच्या बैठकीला ती आली आणि राहिलेले हप्ते भरायला लागली. मी म्हटलं, तुमचा एकच थकीत दिसतोय. ती म्हणाली, “नाही ताई, दोन आहेत. माझं मला ठाऊक आहे ना.” अक्षर न येणारी ती बाई, तिने माझी चूक पकडली. माझ्या हातापायातलं बळच गेलं. घरी जाऊन तो जुना कागद शोधला. कागदावर पंधराशे रुपये पहिल्या ताईच्याच नावावर होते.

मी त्या ताईच्या घरी गेले. मग बैठकीत सगळ्यांसमोर माफी मागितली, वही दुरुस्त केली, शेरा लिहून सही केली. गटाने तिला लगेच कर्ज दिलं, कानातलं सुटलं. पण ती मला एकच वाक्य बोलली, “पैशाचं काही नाही ताई. पण मी दिलाय म्हणत होते, त्या माझ्या शब्दाचं काय?”

मैत्रिणींनो, गट कशावर चालतो? शब्दावर. बँक आपल्याला तारण न घेता कर्ज देते ती आपल्या शब्दावरच. आणि तो शब्द एका कुकरच्या शिट्टीने मोडला होता.

त्या रात्री घरी मी रडत होते तेव्हा घरातले म्हणाले, “बायकांचं डोकं एका ठिकाणी नसतंच.” मलाही तसंच वाटलं. माझंच मन चंचल आहे, मी बेजबाबदार आहे. पण नंतर विचार केला, त्या एका तासात मी किती वेळा उठले? आणि ज्या माणसाला दर पाच मिनिटांनी कोणीतरी उठवतं, त्याचं डोकं ठिकाणावर राहील तरी कसं? पुरुष असो की बाई.

याच गावच्या सुनेची गोष्ट

आज आपण गागोद्यात जमलोय. ११ सप्टेंबर १८९५ ला याच गावात विनोबा जन्मले, हे आपण शाळेपासून ऐकतो. पण मला आज त्यांच्या आईबद्दल, रुक्मिणीबाईंबद्दल बोलायचं आहे. त्या काही फार शिकलेल्या नव्हत्या. संसार, मुलंबाळं, पूजाअर्चा, आपल्यासारखंच आयुष्य. पण विनोबा आयुष्यभर आईबद्दल सांगत राहिले.

त्यातली एक गोष्ट तांदळाची आहे. आईने देवाला एक लाख तांदूळ वाहायचा संकल्प केला होता. रोज थोडे थोडे, एकेक दाणा मोजून त्या वाहायच्या. विनोबांचे वडील हिशेबी माणूस. ते म्हणाले, एकेक दाणा मोजत कशाला बसतेस? तोळाभर तांदूळ मोज, त्यावरून लाखाचं वजन काढ, वाटल्यास थोडे जास्त घाल, म्हणजे कमी पडायला नकोत. आईला उत्तर सुचेना. तिने विन्याला विचारलं. विन्या म्हणाला, आई, हे नुसतं गणित नाही. एकेक दाणा मोजताना मन देवाजवळ राहतं, ते महत्त्वाचं. आईला फार बरं वाटलं.

मला ही गोष्ट फार आवडते, कारण लक्ष देऊन काम करणं म्हणजे काय ते यात आहे. दाण्यागणिक मन तिथेच. आपला पापड तसाच असतो, आपली नोंदही तशीच असते. वजनावर उरकता येत नाही.

पण मैत्रिणींनो, आदर ठेवून एक प्रश्न मला पडतो. ती माउली देवासमोर कधी बसायची? विनोबाच सांगतात, घरातल्या सगळ्यांची जेवणं झाल्यावर, सगळी कामं आवरल्यावर. म्हणजे उरलेल्या वेळात. देवासाठी तिचं ते चाललं, कारण देव घाई करत नाही. पण आपल्याला गिऱ्हाईक घाई करतं, बँकेची तारीख घाई करते. आपण पहाटेपासून सगळ्यांचं करतो आणि अंग मोडून आल्यावर, रात्री दहाला, डोळे मिटत असताना हिशेबाची वही उघडतो. सगळ्यात जास्त लक्ष लागणारं काम आपण दिवसातल्या सगळ्यात थकलेल्या तासाला देतो. मग चुकणार नाही तर काय होणार?

१९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे दर रविवारी ते कैद्यांना गीतेवर प्रवचन द्यायचे आणि साने गुरुजी ते लिहून घ्यायचे. सहाव्या अध्यायावर बोलताना त्यांनी मन एकाग्र कसं करायचं ते सांगितलंय. त्यात ते म्हणतात की नुसतं मन आवरून भागत नाही, त्यासाठी जीवनात परिमितता लागते. परिमितता म्हणजे माप. खाणं, झोपणं, बोलणं, काम, सगळं मापात. मला त्यातून एवढं समजलं की लक्ष लागावं असं वाटत असेल तर आधी दिवसाला माप लावायला हवं. दिवस अस्ताव्यस्त ठेवून मनाला शिस्त लावता येत नाही.

कणकेच्या गोळ्याकडून शिका

माप लावणं म्हणजे काय, याचं एक उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. १९५९ साली गिरगावातल्या सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. तोच आजचा लिज्जत पापड. पुढे काम वाढल्यावर त्यांनी कशी पद्धत बसवली ते बघा. पीठ केंद्रावर मळतात. सकाळी बहिणी येतात, वजन करून गोळा घरी नेतात, घरी लाटतात, वाळवतात, आणि दुसऱ्या दिवशी तयार पापड वजन करून देतात. मजुरी त्यावर.

म्हणजे काम घरातच आहे, पण त्याला वजन आहे, जागा आहे, परत द्यायची वेळ आहे. घरातल्यांनाही कळतं की हा गोळा आज लाटला नाही तर वाया जाईल. त्यामुळे ‘नंतर कर’ असं कोणी सहज म्हणत नाही.

आपली अडचण अशी आहे की हिशेबाची वही वाळत नाही, शिवायचं कापड आंबत नाही. त्यामुळे ते काम मागे मागे ढकललं जातं. म्हणून आपणच त्याला माप लावायचं.

आपलीच पंचसूत्री, वेळेसाठी

माप कसं लावायचं हे शिकायला बाहेर जायला नको. आपल्याला पंचसूत्री तोंडपाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड, नियमित लेखे. पैशासाठी आपण ही पाळतो म्हणून गट उभे राहिले. तीच मी वेळेला लावून बघितली.

पहिलं, नियमित बैठक. गटाची बैठक ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी होते ना? तशी स्वतःची कामाशी बैठक ठरवा. रोज दोन तास. कोणते, ते ज्याचं त्याने बघायचं. मी सकाळी अकरा ते एक घेतले, कारण पोरं शाळेत असतात आणि माझं डोकं ताजं असतं. जागाही एकच. माझी ओटीवरच्या खिडकीखाली, एक पाट आणि एक डेस्क. आणि एक खूण ठेवलीय. मी बसले की दाराच्या कडीला निळा टॉवेल अडकवते. निळा टॉवेल दिसला की आई कामावर गेली, असं पोरांना सांगितलं. पहिले चार दिवस टॉवेल बघूनही हाका मारल्या. पाचव्या दिवसापासून धाकटाच येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागला, “आई कामावर आहे.” आई तीन हातांवर बसलेली असते, तरी! लावणीच्या दिवसांत दोन तास मिळणार नाहीत, तेव्हा अर्धा तास घ्या. पण बैठक मोडू नका.

दुसरं, नियमित बचत. बसायच्या आधी थोडी कामं साठवून ठेवायची. कुकर आधीच उतरवायचा. सासूबाईंचं औषध, पाणी, चष्मा त्यांच्या हाताशी ठेवायचा. स्वतः पाणी प्यायचं, कारण तहान लागली की आपण उठतो आणि स्वयंपाकघरात गेलो की तिथलं एक काम दिसतंच. फोन माजघरात, डब्यात. ज्यांचं काम फोनवरच आहे त्यांनी बाकीच्या ग्रुपचे आवाज बंद करून ठेवायचे.

इथे पुन्हा रुक्मिणीबाईंची आठवण येते. शेजारीण आजारी असली की त्या तिच्या घरी जाऊन स्वयंपाक करायच्या, पण आधी आपल्या घरचा उरकून. छोटा विन्या म्हणाला, आई, तू स्वार्थी, आधी आपल्या घरचं करतेस. ती म्हणाली, तिकडचं आधी केलं तर त्यांना जेवायच्या वेळी गार मिळेल. बघा, कुठलं काम कधी, हे तिने विचार करून ठरवलेलं होतं. आपण बऱ्याचदा जे समोर येईल ते करत सुटतो.

तिसरं, नियमित अंतर्गत कर्जव्यवहार. पैसा गटातल्या गटात फिरवतो तसा वेळही फिरवा. माझ्या शेजारणीचं दोन वर्षांचं बाळ आहे, ती शिलाई करते. आम्ही ठरवलं, माझे दोन तास झाले की दुपारी तिचं बाळ माझ्याकडे. तिला दोन तास मोकळे मिळतात. शनिवारी माझी पोरं तिच्याकडे. पैसा लागला नाही, कोणाचा उपकारही नाही.

चौथं, नियमित परतफेड. हे फार महत्त्वाचं. घरातल्यांनी आपल्याला वेळ दिला तर तो परत करायचा. माझ्या दोन तासांत सासूबाई दार बघतात, दूध बघतात. मग संध्याकाळी त्यांच्या भजनाच्या वेळी मी त्यांना एकही काम सांगत नाही, चहासुद्धा मीच नेऊन देते. सहा महिने झाले, आता त्याच शेजारणींना सांगतात, “सूनबाई अकरा ते एक कामात असते, एकनंतर या.” वेळेवर परतफेड करणाऱ्या गटाला बँक पुन्हा कर्ज देते. घरही तसंच असतं.

पाचवं, नियमित लेखे. सगळ्यात जास्त फरक मला याने पडला. वहीच्या शेवटच्या पानावर मी एक आठवडा लिहिलं, कामाच्या वेळात किती वेळा उठले आणि कशासाठी. पहिल्या दिवशी अकरा वेळा. त्या अकरांतली थांबू शकत नव्हती अशी कामं फक्त दोन होती. बाकी नऊ थांबली असती तर कोणाचं काही बिघडलं नसतं. मोजे कुठे आहेत, चार्जर कुठे आहे, चहा टाकतेस का, ही ती कामं. मी ते पान भांडण न करता जेवणाच्या वेळी आमच्या मिस्टरांसमोर ठेवलं. ते वाचून काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी चहा त्यांनी स्वतः टाकला. साखर जास्त झाली होती, मी काही बोलले नाही.

तोंडाने सांगितलं की ते कुरकुर ठरतं. लिहून दाखवलं की तो हिशेब होतो.

तरीही उठावं लागलं तर

एवढं करूनही उठावं लागणारच. पोर पडलं, वासरू सुटलं, म्हाताऱ्या माणसाला घेरी आली, तर उठायलाच हवं. त्याला मी लक्ष मोडणं म्हणत नाही, तो संसार आहे. पण उठताना एक खूण ठेवून उठा. हिशेब लिहिताना हातातली ओळ पुरी करा, तिच्याखाली पट्टी ठेवा, पुढच्या नावावर पेन्सिलीने ठिपका द्या. मशीनवर असाल तर सुई कापडात खाली रुतवून ठेवा, म्हणजे शिलाई सरकत नाही. पापड दहा-दहाच्या चळतीत मोजा, म्हणजे मोड आली तरी दहाच पुन्हा मोजावे लागतील. आणि उठताना तोंडाने म्हणा, “आता अमक्या ताईचा हप्ता लिहायचाय.” वेडेपणा वाटेल, पण परत आल्यावर तेच शब्द आठवतात. त्या रात्री मी ओळीखाली पट्टी ठेवली असती तर एका बाईची मान खाली गेली नसती.

आणि गटाच्या नोंदी घरी नेऊ नका. बैठकीतच लिहा, वाचून दाखवा. वीज गेली तर मोबाइलची बॅटरी लावा. फक्त बेरीज जुळली म्हणून समाधान मानू नका, नावासमोरची रक्कम त्या बाईला विचारून खात्री करा.

ज्यांना हे जमणार नाही

मला ठाऊक आहे, इथे बसलेल्या काहींच्या मनात येतंय, ताई, तुमच्याकडे ओटी आहे, सासूबाई चांगल्या आहेत. आमचं एका खोलीचं घर, त्यात आजारी माणूस, आम्ही कुठे टॉवेल लावायचा? बरोबर आहे. म्हणून हे काम एकटीचं नाही, गटाचं आहे. ज्यांच्याकडे मोकळी ओटी आहे, पडवी आहे, त्यांनी आठवड्यातून दोन दिवस ती इतरांना कामासाठी द्यावी. ग्रामसंघाची खोली बैठकीपुरती उघडते, ती दुपारी उघडी ठेवायचा ठराव घ्या. अंगणवाडीच्या वेळेत आपली कामाची वेळ बसवा. आणि एखादीच्या घरी वेळ मागितला म्हणून हात उगारला जात असेल, तर तो लक्ष टिकवण्याचा प्रश्नच नाही. तिने गटाला सांगावं, आणि गटाने तिच्या मागे उभं राहावं.

शेवटचं बोलते आणि थांबते.

याच गावात जन्मलेल्या माणसाने १९५१ साली पोचमपल्लीपासून देशभर पायी फिरून लोकांकडे जमीन मागितली. किती मागितली? सहावा हिस्सा. घरात पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, असं ते म्हणायचे. दान म्हणजे उपकार नव्हे, दान म्हणजे वाटून घेणं, असा त्यांचा अर्थ होता.

मी त्यांच्या गावात उभी राहून तुमच्या घरच्यांकडे तेवढंही मागत नाही. चोवीस तासांतले दोन तास. दिवसाचा बारावा हिस्सा. उपकार म्हणून नको, वाटा म्हणून हवा. घरपट्टीवर, सातबाऱ्यावर आपलं नाव लागावं म्हणून आपण किती खेपा घालतो. दिवसातले दोन तासही आपल्या नावावर लागले पाहिजेत.

आज घरी गेल्यावर एक काम करा. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात तुमच्या कामाची वेळ लिहा, आणि ते चुलीजवळच्या भिंतीवर सगळ्यांना दिसेल असं लावा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी पोरांकडून लिहून घ्या, म्हणजे पोरांनाही आपोआप पाठ होईल. उद्यापासून वहीच्या शेवटच्या पानावर उठण्याचा हिशेब ठेवा. पुढच्या महिन्याच्या बैठकीला ते पान घेऊन या, आपण वाचू.

आणि हो, ती ताई. ती परत गटात आली. आता आमच्या गटात एक नवी पद्धत आहे. मी नोंदी लिहून झाल्या की वही तिच्या हातात देते. ती नावानिशी प्रत्येकीला विचारते, रक्कम बघते, आणि मगच सही होते. परवा तिने माझी एक चूक काढली. वीस रुपयांची. मला एवढा आनंद झाला की काय सांगू!